फिश टँकचा कंट्रोलर घरच्या इंटरनेटला जोडताना

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: इंटरनेट गेलं तर टँकचं काय होईल? ‘काहीही होणार नाही’ असं छातीठोकपणे सांगता येत असेल तरच पुढची जोडणी करा.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते. तिथे भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर भट्टीशेजारच्या पॅनेलमध्येच असतो. ऑफिसातल्या स्क्रीनपर्यंत जाणारी केबल उंदराने कुरतडली तरी भट्टी ठरलेल्या तापमानावर चालत राहते, फक्त ऑफिसात आकडे दिसेनासे होतात. घरच्या समुद्री टँकलाही मी हाच नियम लावते. हीटर कधी लावायचा, पाणी गार करणारा चिलर कधी बंद करायचा, दिवे किती वाजता मालवायचे, हे निर्णय टँकखालच्या कपाटातल्या डब्यानेच घ्यायचे. नेटवर्क कशासाठी? तर लांबून बघायला, एखादी सेटिंग बदलायला आणि काही बिघडलं तर कळायला.

म्हणूनच हीटर स्मार्ट प्लगवर लावून त्याचं चालू-बंद मोबाइल ॲपमधल्या नियमांवर सोडणं मला अजिबात पटत नाही. त्यातले बरेच नियम कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. ‘चालू’ हा निरोप पोचला आणि ‘बंद’ पोचण्याआधी नेट गेलं, तर हीटर चालूच राहतो.

माझा टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपासचा. कंट्रोलर रीफ-पाय. हे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणते) चालणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं डॅशबोर्ड घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं. तुमच्याकडे नेपच्यून एपेक्स, जीएचएल प्रोफिलक्स किंवा दुसरा एखादा तयार कंट्रोलर असेल तर मेनूतली नावं वेगळी असतील, पण नेटवर्कची बाजू जवळपास हीच राहील.

आधी केबलचा विचार करा

राउटर बहुतेक घरांत दाराजवळ असतो, कारण फायबरवाल्याला तिथे केबल आणणं सोपं जातं. टँक असतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला, नाहीतर आतल्या खोलीत. मधे विटांची भिंत आणि एखादं लोखंडी कपाट. त्यात आणखी एक अडसर असतो, जो सहसा लक्षात येत नाही: खुद्द टँक. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात आणि खाऱ्या पाण्यात त्याहून लवकर. कंट्रोलर टँकच्या मागे आणि राउटर पुढच्या बाजूला असेल, तर मधे दीड फूट खारं पाणी उभं आहे. मोबाइल टँकसमोर धरून ‘इथे तर फुल रेंज आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. तो कपाटात, कंट्रोलरच्या जागी ठेवून रेंज बघा.

केबल टाकता येत असेल तर केबलच टाका. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात वीस मीटरही लागत नाही. घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती पट्टीत वळवताना तुटते आणि नेट मधेच जायला लागतं. स्कर्टिंगच्या वरून केसिंग-पट्टीत न्या, आणि विजेच्या वायरींना चिकटून लांबवर नेऊ नका. क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकांना प्लग बसवणं, स्वतः करत असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

टँकजवळच्या टोकाकडे मात्र नीट लक्ष द्या. समुद्री टँकच्या कपाटात हवा दमट आणि खारी असते. बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारा स्किमर असतो, त्याचे बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात आणि वाळल्यावर मीठ उरतं. हे मीठ केबलच्या अंगावरून हळूहळू पुढे सरकत जातं. केबलच्या टोकाच्या आरजे-४५ प्लगच्या आठ पिना म्हणजे सोन्याचा अगदी पातळ थर दिलेल्या पट्ट्या. त्यांच्यावर मीठ बसून ओल धरली की कडेने हिरवट-निळी पूड दिसू लागते. तेव्हाही दिवा लुकलुकत असतो, पण जोडणी दिवसातून अनेकदा तुटत राहते, आणि माणूस राउटर बदलतो, प्लॅन बदलतो, ती पिन मात्र बघत नाही. म्हणून कंट्रोलर सम्पच्या, म्हणजे टँकखालच्या पाण्याच्या छोट्या टाकीच्या, वर ठेवू नका. कपाटात मधे पार्टिशन घालून कोरडा कप्पा करा, नाहीतर बाजूच्या भिंतीवर झाकणाचा डबा बसवा. आत शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी येऊन जमिनीवर टपकेल, डब्यात जाणार नाही. विजेच्या बोर्डाच्या वायरींनाही हाच झोल हवा, आणि टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर नेटवर्कचं काम थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

केबलचा आणखी एक फायदा घरातल्या माणसांना होतो. कामावर असताना शंका आली तर मी आईला फोन करून एवढंच विचारते, “आई, टँकच्या बाजूच्या डब्यावर हिरवा दिवा लागलाय का बघ गं.” दिवा असेल तर केबल आणि राउटर बहुधा शाबूत आहेत, भानगड पुढे कुठेतरी आहे. वायफायच्या बाबतीत असा प्रश्न फोनवर विचारता येत नाही.

वायफायशिवाय पर्यायच नसेल तर

बरेचसे कंट्रोलर आणि ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर बनलेली सगळी उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. रास्पबेरी पाय ३बी आणि झीरो डब्ल्यूचंही तेच. पाय ३बी+ आणि पाय ४ ला दोन्ही बँड चालतात. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झला एकच नाव देऊन ठेवतात, आणि तिथेच पहिली अडचण येते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बँड वेगळे करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या. नाव साधं रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव किंवा इमोजी मोबाइलला चालतात, पण काही छोट्या उपकरणांना ते वाचताच येत नाहीत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवलात तर जुनं उपकरण जोडलं जाणार नाही आणि का नाही हेही सांगणार नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. चॅनेल ‘ऑटो’वर असला की राउटर कधीतरी १२ किंवा १३ वर जातो आणि काही उपकरणांना तो दिसेनासा होतो.

तयार कंट्रोलर पहिल्यांदा जोडताना तो बऱ्याचदा स्वतःचंच एक तात्पुरतं वायफाय उघडतो. तुमचा मोबाइल त्याला जोडून घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याला द्यायचा असतो. पण या तात्पुरत्या वायफायवर इंटरनेट नसतं, आणि मोबाइल हुशारी करून परत मोबाइल डेटावर उडी मारतो. ॲप ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणत बसतं. उपाय साधा आहे: तेवढ्या वेळेपुरता मोबाइल डेटा बंद करा, आणि ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा. लोकेशन चालू लागतं, तेही देऊन टाका.

रास्पबेरी पाय असेल तर हे सगळं त्याचं मेमरी कार्ड बनवतानाच होऊन जातं. रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्ये वायफायचं नाव, पासवर्ड, देश, टाइमझोन, युजरचं नाव आधीच भरता येतं. देश भारत आणि टाइमझोन एशिया/कोलकाता भरायला विसरू नका. टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला तर सकाळी १० ला लागायचे दिवे दुपारी साडेतीनला लागतील.

कंट्रोलरला कायमचा पत्ता द्या

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. आज कंट्रोलर १९२.१६८.१.१४ वर सापडला, वीज जाऊन आल्यावर तो १९२.१६८.१.२२ वर गेला असेल. म्हणून राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि कंट्रोलरसाठी एक पत्ता राखून ठेवा. मी १९२.१६८.१.५० ठेवला आहे. पत्ता कंट्रोलरमध्येच पक्का करायचीही सोय असते, पण मला ती आवडत नाही. उद्या राउटर बदलला आणि त्याने १९२.१६८.० ची मालिका वापरली, तर कंट्रोलर घरात असून सापडणार नाही.

रिझर्व्हेशनसाठी उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा कारखान्यातूनच आलेला ओळख क्रमांक, लागतो. पाय ४ चा मॅक पत्ता बहुधा डीसी-ए६-३२ किंवा ई४-५एफ-०१ ने सुरू होतो, त्यामुळे राउटरच्या यादीत तो पटकन ओळखू येतो. मात्र केबलचा आणि वायफायचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. ज्या मार्गाने कंट्रोलर कायम जोडलेला राहणार आहे, त्याचाच राखून ठेवा आणि केबल वापरत असाल तर वायफाय बंदच करून टाका.

पत्ता बरोबर आहे, तरी मोबाइलवर डॅशबोर्ड उघडत नाही? मग दोन शक्यता आधी तपासा. एक, घरात दोन राउटर आहेत: फायबरवाल्याचा डबा स्वतःही राउटर आहे आणि तुम्ही त्याच्यामागे आपला वेगळा लावला आहे. कंट्रोलर एकाला आणि मोबाइल दुसऱ्याला जोडला असेल तर त्यांची भेट होईलच असं नाही. दोनपैकी एक राउटर ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट करून टाका, म्हणजे पत्ते एकच राउटर वाटेल. दोन, कंट्रोलर गेस्ट वायफायवर आहे. गेस्ट वायफायवरचं उपकरण घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे, आणि कंपनीच्या क्लाउडवरून चालणाऱ्या कंट्रोलरला मी तिथेच ठेवीन. पण रीफ-पायसारखं घरातल्या घरात उघडायचं डॅशबोर्ड तिथून दिसणार नाही.

घड्याळ

नेटवर्कच्या लेखात घड्याळ कशाला, असं वाटेल. पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. सुरू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ घेतात. वीज दुपारी १ ला गेली, ५ ला आली आणि नेट आलंच नाही, तर पायच्या हिशेबाने अजून १ वाजलाय. रात्री ९ ला बंद व्हायचे दिवे मग मध्यरात्री १ ला बंद होतील. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, त्यामुळे हा प्रसंग काही क्वचितचा नाही.

यासाठी डीएस३२३१ चिपचं छोटं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, घ्या. चार वायरी आहेत: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि दुकानदार त्यात साधा सीआर२०३२ सेल घालून देतो, जो चार्ज करायचा नसतो. म्हणून मॉड्यूल ५ व्होल्टवर कधीही जोडू नका, ३.३ वरच जोडा. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते.

घराबाहेरून टँक बघताना

इंटरनेटवर शोधलंत तर ‘पोर्ट फॉरवर्डिंग करा’, म्हणजे बाहेरून थेट कंट्रोलरपर्यंत यायला राउटरमध्ये एक दार उघडा, हा सल्ला सगळीकडे मिळेल. तो मानू नका. एक तर आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर ते चालतच नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे आणि बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट पोचायची वाटच नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पोर्ट उघडा ठेवणं म्हणजे टँकचं बटण जगासमोर ठेवणं. रीफ-पायचं सुरुवातीचं युजरनेम आणि पासवर्ड, दोन्ही ‘रीफ-पाय’च असतात आणि ते सगळ्यांना माहीत आहेत. ते पहिल्याच दिवशी बदला.

डार्कट्रेस या सायबर सुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये एक प्रकरण जाहीर केलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोत इंटरनेटला जोडलेला फिश टँक होता, पाण्याचं तापमान आणि खाद्य त्यावरून सांभाळलं जाई. त्या टँकच्या वाटेने चोर नेटवर्कमध्ये शिरले आणि सुमारे १० जीबी माहिती फिनलंडमधल्या एका उपकरणाकडे गेली. आपल्या घरात कॅसिनो नाही, पण त्याच वायफायवर बँकेचं काम करणारा लॅपटॉप आणि मुलांचे मोबाइल असतात.

बाहेरून बघण्यासाठी मी टेलस्केल वापरते. ते वायरगार्ड या सांकेतिक जोडणीच्या तंत्रावर चालणारं खासगी नेटवर्क आहे. पायवर आणि मोबाइलवर एकाच खात्याने लॉगिन केलं की दोघं एकमेकांना दिसतात, मधे पत्ता वाटून घेतलेला असला तरी. राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. तयार कंट्रोलरची कंपनी स्वतःचं क्लाउड देत असेल, जसं एपेक्सचं फ्यूजन, तर तेच वापरा. तिथे कंट्रोलर स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्टचा प्रश्नच येत नाही. फक्त पासवर्ड वेगळा आणि मोठा ठेवा.

बिघडल्याचं कळायला हवं

रीफ-पाय तापमान ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की ईमेल पाठवतं. जीमेलवरून पाठवायचं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. २०२२ च्या मे महिन्यापासून गूगलने ती सोय बंद केली. खात्याला टू-स्टेप पडताळणी लावून ‘ॲप पासवर्ड’ काढा आणि तो भरा.

पण ईमेल पाठवायला कंट्रोलर जिवंत लागतो आणि नेटही लागतं. नेमका वीज गेल्यावर पंप थांबतो, पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो, आणि त्याच वेळी राउटरही बंद असतो. म्हणून उलट्या बाजूने इशारा हवा: कंट्रोलरने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला ‘मी आहे’ असं कळवायचं, आणि कळवणं थांबलं की त्या सेवेने तुम्हाला निरोप द्यायचा. फ्यूजनमध्ये याला हार्टबीट म्हणतात. पायसाठी हेल्थचेक्स डॉट आयओ ही सेवा हेच काम करते, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या पायच्या यादीत, एक ओळ टाकली की झालं. माझ्या मते सगळ्या जोडणीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे. डॅशबोर्ड महिनाभर उघडलं नाही तरी चालेल, हा इशारा चालू पाहिजे.

त्याच्या जोडीला राउटर, फायबरचा डबा आणि कंट्रोलर या तिघांना बॅकअप द्या. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे वायफाय यूपीएस सगळीकडे मिळतात. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची पोलॅरिटी वाचा. घरापर्यंत थेट फायबर येत असेल तर बिल्डिंगमधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे केबल अशी जोडणी असेल, तर जिन्याखालच्या किंवा गच्चीवरच्या डब्यातला स्विच विजेवर चालतो. त्याला बॅकअप आहे का हे केबलवाल्या दादांना विचारून घ्या. नसेल तर तुमच्या घरातला यूपीएस नेट टिकवू शकणार नाही.

शेवटी राउटर बंद करून बघा

सुट्टीच्या दिवशी दुपारी, घरात असताना, राउटरची वायर काढा आणि टँककडे बघत बसा. दिवे, पंप, स्किमर सगळं जसंच्या तसं चाललं पाहिजे. मग तापमानाचा प्रोब सम्पमधून काढून कपभर कोमट पाण्यात बुडवा. थोड्या वेळात चिलरचा रिले टक् असा आवाज करून लागला पाहिजे. गार पाण्यात बुडवला की चिलर बंद होऊन हीटर लागला पाहिजे. हे सगळं नेट नसताना झालं म्हणजे कंट्रोलर स्वतःच्या पायावर उभा आहे. प्रोब सम्पमध्ये परत घातल्याशिवाय तिथून उठू नका. बाहेर राहिलेला प्रोब खोलीची हवा मोजतो, आणि जानेवारीतल्या पुण्यात ती हवा पाहून कंट्रोलर हीटर लावतच राहील. यासाठी हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कंट्रोलरपेक्षा थोडा वर लावून ठेवा. माझा कंट्रोलर २५.५ अंशांखाली हीटर लावतो, २६.५ च्या वर चिलर लावतो, आणि हीटरवरची खूण २७ वर आहे. कंट्रोलर बिघडून हीटर सोडेनासा झाला, तरी हीटर २७ ला स्वतःच थांबतो.

आता राउटर परत लावा आणि मोबाइलवर हार्टबीट थांबल्याचा आणि पुन्हा सुरू झाल्याचा, असे दोन्ही निरोप आले का ते बघा. एकच आला असेल तर क्रॉनची ओळ तपासा.

आणखी एक काम पुढे कधीतरी येणार आहे. फायबर कंपनी बदलली किंवा राउटर जळाला की नवा राउटर येतो. बसवायला आलेल्या माणसाला आधीच सांगा की वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायचे. मग वायफायवरचं प्रत्येक उपकरण आपोआप जोडलं जातं. १९२.१६८.१.५० चं रिझर्व्हेशन मात्र नव्या राउटरमध्ये पुन्हा टाकावं लागतं. तो पत्ता, कंट्रोलरचा मॅक पत्ता आणि राउटरचं लॉगिन मी एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घालून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्याखाली आईसाठी मोठ्या अक्षरांत तीन ओळी आहेत: हिरवा दिवा नसेल तर राउटर बंद करून चालू कर. पंप थांबला असेल तर बॅटरीवरचा एअर पंप लाव. तरी नाही चाललं तर मला फोन कर, कुठल्याही वेळी.